काकू, शिवी आहे तशीच तक्रारीत लिहा

या वेळचं पत्र पुण्याच्या नगर रोडवरून आलंय, एका ६१ वर्षांच्या काकूंचं. नाव-सोसायटी काढलीय, थोडं छाटलंय, बाकी शब्द त्यांचेच.

"सोसायटीत आमचे दोन फ्लॅट आहेत, एकात आम्ही दोघं, वरचा भाड्याने. वर दोन मुली राहतात, एक नागालँडची, नर्स आहे, दुसरी मणिपूरची, मैतेई, कॉलेजला जाते. भाडं वेळेवर, आवाज नाही, मला आंटी म्हणतात. गेल्या रविवारी रात्री पार्किंगमध्ये त्यांची स्कूटी एका मुलाच्या बाइकला घासली. चार-पाच पोरं जमली. आधी गाडीवरून बोलाबोली, मग चिंकी, मोमो, कुत्रं खाणाऱ्या, चायनाला जा, तुमच्यासारख्यांना इथे ठेवायचंच नाही, असं सगळं. नर्स मुलीचा हात पिरगाळला, स्कूटीवर लाथा घातल्या. मी गॅलरीत होते, सगळं ऐकलं, ओरडले, वॉचमन धावला तेव्हा पांगली. पोलिस स्टेशनला गेलो तर एनसी घेऊन परत पाठवलं, त्यात एकच ओळ, पार्किंगच्या वादातून शिवीगाळ व धक्काबुक्की. सोमवारी बोट सुजलं, एक्स-रेत बारीक फ्रॅक्चर निघालं. सोसायटीच्या ग्रुपवर उलट मुलींबद्दलच घाण लिहितायत, चेअरमन म्हणतात मिटवून टाका आणि पुढच्या वेळी फॅमिली बघा. त्या पोरांतला एक माझ्या भिशीतल्या मैत्रिणीचा, बारावीला आहे. माझी लेक ऑस्ट्रेलियात असते, ती म्हणते आई हा सरळ हेट क्राइम आहे. आपल्याकडे असं काही असतं का? आणि मी उगाच मध्ये पडतेय का?"

काकू, आधी लेकीच्या प्रश्नाचं. हेट क्राइम नावाचं एकच एक कलम आपल्याकडे नाहीये. आयपीसीत, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेत नव्हतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यातही नाही. पण लेक चुकीचं बोलत नाहीये, कारण तुम्ही जे सांगितलंत त्याला बाहेरच्या बऱ्याच देशांत हेच नाव मिळालं असतं, फक्त आपला कायदा ते तुकड्यातुकड्यांनी पकडतो, थोडं न्याय संहितेतून, थोडं ॲट्रॉसिटीतून, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धच्या कायद्यातून, आणि हे तुकडे जोडले जातात ते पहिल्या दिवशीच्या कागदावर. तुमच्याकडचा तो कागद म्हणजे ती एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, त्यात गाडी आली, शिवीगाळ आली, पण काय शिव्या दिल्या आणि का दिल्या हे कुठेच आलेलं नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण ते कागदावर आणा, आणि या आठवड्यात आणा.

आता भांडण गाडीवरून सुरू झालं हे खरंच आहे, आणि समोरचे लोक तेच धरून बसणार. तुम्ही स्वतःला एवढंच विचारा, समजा तीच स्कूटी बी विंगमधल्या जोशांच्या मुलीकडून घासली असती तर काय झालं असतं? आवाज चढले असते, टचअपचे पैसे मागितले असते, फार तर तिच्या बाबांना खाली बोलावलं असतं. तुमच्या देशात जा असं कुणी म्हटलं नसतं आणि हात पिरगाळायची तर हिंमतच झाली नसती. जगभर हेट क्राइम ओळखतात तो साधारण असाच, की झालेली गोष्ट मुळात गुन्हा असायला हवी, मारहाण, धमकी, तोडफोड काहीही, आणि समोरचा माणूस निवडला गेला किंवा त्याच्याशी इतकं वाईट वागलं गेलं ते तो कोण आहे यावरून. नुसता मनातला राग कुठेच गुन्हा नाही. अमेरिकेत हा वाद पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, १९९३ मध्ये कोर्टाने सांगितलं की हेतू बघून शिक्षा वाढवली म्हणजे विचारांना शिक्षा दिली असं होत नाही, शिक्षा कृत्यालाच आहे. २०१७ ला कॅन्ससमध्ये बारमध्ये बसलेल्या आपल्या एका इंजिनिअरला माझ्या देशातून चालते व्हा म्हणत गोळी घातली होती, आठवत असेल, इकडे घराघरात आयांची झोप उडाली होती. तिथे राज्याच्या कोर्टात खुनाची जन्मठेप झाली आणि वर केंद्राच्या हेट क्राइम कायद्याखाली वेगळी जन्मठेप झाली. आपल्याकडे तशी वेगळी पायरी नाही.

आणि हे गुन्हे जास्त गंभीर का धरायचे, याचं उत्तर पुण्यालाच चांगलं माहितीय. जुलै २०१२ मध्ये आसामात दंगल झाली, ऑगस्टमध्ये तिकडच्या अफवा मोबाईलवर इकडे आल्या, पुण्यात ईशान्येकडच्या मुलांना मारहाणीच्या घटना झाल्या, आणि मग पुणे, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद इथून हजारोंनी माणसं मिळेल त्या गाडीने घराकडे निघाली. सरकारला घाऊक एसएमएस बंद करायला लागले. मार मोजक्यांना बसला होता, सामान सगळ्यांनी बांधलं. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलींनीही रविवारी रात्री कुणाकुणाला फोन केले असतील, आणि त्या सगळ्या पोरी आता पार्किंगमध्ये उतरताना दोनदा बघत असतील. नुसती धक्काबुक्की म्हणून नोंद केली की हा भाग गळून जातो.

आता तुमच्या केसमध्ये काय आहे ते बघू, आणि सुरुवात त्या बोटापासून करू कारण सगळ्यात भक्कम गोष्ट तीच आहे. साधी दुखापत, म्हणजे खरचटलं, सुजलं, हा अदखलपात्र गुन्हा, म्हणून पोलिस एनसी लिहून मोकळे होतात, आणि एनसीत कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यांना तपासही करता येत नाही. पण हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत, मग ते मांडीचं हाड असो की करंगळीचं, बारीक असो की मोठं. न्याय संहितेचं कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. म्हणजे सोमवारच्या एक्स-रेने रविवारची एनसी जुनी झाली. आणि नियम असा आहे की प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तर अख्खं प्रकरण दखलपात्र धरायचं, बाकीच्या शिव्या-लाथा त्याच एफआयआरमध्ये येतात. तेव्हा एक्स-रेची फिल्म, रिपोर्ट, डॉक्टरांचा कागद, तारीख-वेळेसकट जपून ठेवा आणि पोलिसांकडून मेडिकलसाठी पत्र मागून सरकारी हॉस्पिटलातही तपासणी होऊ द्या, नुसत्या प्रायव्हेट क्लिनिकच्या चिठ्ठीवर समोरचा वकील नंतर फार खेळतो. हात लावताना अंगचटीला आले असतील किंवा घाणेरडं काही बोलले असतील तर महिलांविषयीची ७४ आणि ७९ ही कलमंही येतात, आणि त्यांची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यायची असते.

तुम्ही चार-पाच पोरं असं लिहिलंय. चार की पाच? हे मी उगाच विचारत नाहीये. नव्या संहितेत दोन पोटकलमं आलीत, १०३(२) आणि ११७(४), पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच कारणावरून खून केला किंवा गंभीर दुखापत केली तर त्यासाठी. मॉब लिंचिंगवर सुप्रीम कोर्टाने जुलै २०१८ मध्ये सरकारांना खडसावलं होतं, वेगळा गुन्हा करा म्हणून, त्यानंतर हे आलं. यादीत धर्म हा शब्द सरळ नाही, ते मला स्वतःला खटकतं, आणि यादीत भाषा आहे, हे मराठी येत नाही म्हणून टोळीने हाणायला जाणाऱ्या आपल्या शूरवीरांनीही एकदा वाचावं. तर तुमच्याकडे गंभीर दुखापत आहे, जन्मस्थान-वंशावरून आहे, फक्त आकडा पाचचा लागतो. चार होते तर चारच लिहा. पाचवा घुसडला आणि सीसीटीव्हीत चारच दिसले की तुमची खरी गोष्टसुद्धा खोटी ठरायला लागते.

आता ॲट्रॉसिटी. हे नाव काढलं की सोसायटीत लगेच कुजबुज सुरू होईल, गैरवापर, खोट्या केसेस वगैरे, मला ते सगळं तोंडपाठ आहे. गैरवापराच्या भीतीने सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये हा कायदा सैल केला होता, ती केस आपल्या कराडचीच, पण संसदेने त्याच वर्षी दुरुस्ती करून सांगितलं की एफआयआरच्या आधी प्राथमिक चौकशी नको आणि अटकेला कुणाची मंजुरी नको, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती मान्य केली. तेव्हा आधी चौकशी करतो मग बघू, असं या कायद्याखालच्या तक्रारीला म्हणता येत नाही.

तुमची नर्स मुलगी नागा असेल तर अनुसूचित जमातीत येते. पोलिस स्टेशनला कुणीतरी तुम्हाला सांगेल की बाई ती तिकडे नागालँडमध्ये एसटी, महाराष्ट्राच्या यादीत ती जमात नाही, इथे ॲट्रॉसिटी कशी लागेल. ऐकायला बरोबर वाटतं, कारण आरक्षणाच्या बाबतीत तसं असतंही. पण ॲट्रॉसिटीबाबत मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलंय की या कायद्याचं संरक्षण माणसाबरोबर देशभर जातं, तो राहायला गेलाय त्या राज्यात त्याची जात-जमात यादीत असो वा नसो. हा निर्णय आपल्याच हायकोर्टाचा आहे, तो डोक्यात ठेवून जा. दुसरं म्हणतील ती ख्रिश्चन आहे. असू दे. अनुसूचित जातीला धर्माची अट आहे, हिंदू, शीख, बौद्ध, जमातीला ती अट नाही. जमातीचा दाखला पुढे लागेल, आईवडिलांकडून फोटो मागवून ठेवा, पण दाखला हातात नाही म्हणून एफआयआर अडवता येत नाही. आणि या कायद्यात समोरचा आरोपी स्वतः एससी-एसटी नसावा लागतो, तेही पोलिस बघतील.

आणि इथेच आपल्या कायद्याचं ठिगळ दिसतं. मणिपूरच्या मुलीला त्याच मिनिटाला, त्याच तोंडांनी, त्याच शिव्या दिल्या, पण मैतेई समाज अनुसूचित जमातीत नाही, त्यामुळे तिला ॲट्रॉसिटीचं संरक्षण नाही, फक्त न्याय संहिता. एकीच्या शिवीला विशेष न्यायालय, दुसरीच्या शिवीला साधं कोर्ट. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्राने बेझबरुआ समिती नेमली होती, तिने वंशावरून होणाऱ्या शिवीगाळ-मारहाणीसाठी वेगळी कलमं सुचवली होती. २०२३ ला अख्खी संहिता नवी लिहिली गेली, त्यात ती सरळ घालता आली असती, घातली नाहीत. असो. दोघींची फिर्याद मात्र एकाच एफआयआरमध्ये घ्यायचा आग्रह धरा, दोघी एकमेकींच्या साक्षीदार आहेत.

ॲट्रॉसिटीत दोन वेगळ्या गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, त्यात गल्लत करू नका. अपमानासाठी दाखवायला लागतं की तो मुद्दाम, ती कोण आहे म्हणूनच, आणि लोकांच्या नजरेसमोर झाला. बंद खोलीत चार भिंतींत झालेला चालत नाही, तसं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलंय, पण तुमच्याकडे पार्किंग आहे, वॉचमन आहे, गॅलरीत तुम्ही आहात, म्हणजे तो प्रश्न बहुतेक सुटतो. चिंकी हे कुठल्या जमातीचं नाव नाही असा मुद्दा समोरून येईल, त्यावर उत्तर असं की जातीचं नाव घेऊन शिवी हे वेगळं पोटकलम आणि हीन दाखवायला केलेला अपमान हे वेगळं पोटकलम, तुमचं दुसऱ्यात बसतं. केंद्रीय गृहखात्याने २०१२ मध्येच राज्यांना कळवलं होतं की ईशान्येकडच्या जमातींच्या लोकांवर असे प्रकार झाले तर ॲट्रॉसिटी लावा. मारहाण, धमकी वगैरेसाठी मात्र २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर एवढं पुरतं की ती जमातीतली आहे हे माहीत असून केलं. आधीच्या कायद्यात गंभीर गुन्ह्यांसाठी 'ती त्या जातीची आहे याच कारणावरून' असं सिद्ध करायला लागायचं, आणि तिथे केसेस पडायच्या.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावाने मारलं. आठ जण दोषी ठरले, पण खालच्या कोर्टाने ॲट्रॉसिटी लावली नाही आणि २०१० मध्ये हायकोर्टानेही तेच धरलं, की हा साक्ष दिल्याचा सूड, जातीवरून नाही. सूड होता हे खरंच, पण सवर्ण कुटुंबावर गावाने असा सूड उगवला असता का, हा प्रश्न निकालात मागेच राहिला. तुमच्या पार्किंगच्या एनसीत नेमकं तेच चाललंय, फार छोट्या मापात.

आणि हडपसर तर आपल्या दारातलं. जून २०१४, फेसबुकवरच्या बदनामीकारक फोटोंवरून वातावरण तापलं होतं, नमाज पढून घरी निघालेल्या एका तरुण आयटी इंजिनिअरला जमावाने ठेचलं, त्याचा त्या पोस्टशी काडीचा संबंध नव्हता. २०१७ ला हायकोर्टाने तीन आरोपींना जामीन देताना असं म्हटलं की मेलेल्याचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही गोष्ट चक्क आरोपींच्या बाजूने मोजली, धर्माच्या नावाने भडकवले गेले म्हणून. जो हेतू गुन्हा वाढवणारा धरायला हवा तोच सवलत झाला. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ते जामीन रद्द केले आणि अशी भाषा निकालात नको म्हणून सुनावलं. आणि शेवटी जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टातून सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. जवळजवळ नऊ वर्षं लागली त्याला. कलमं कितीही कडक असोत, पुरावा पहिल्या काही दिवसांत गोळा होतो किंवा होत नाही.

तर आता कामाचं. नवीन लेखी तक्रार द्या, मुलींच्या सहीने, दोन प्रती, एकीवर पोलिस स्टेशनचा शिक्का आणि तारीख घ्या. आधीच्या एनसीचा नंबर लिहा आणि त्यानंतर फ्रॅक्चर निघालं हे लिहा. आणि कृपा करून 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली' असं लिहू नका. आपल्याला लाज वाटते, शाळेत शिकवल्यासारखं सभ्य लिहायची सवय असते, ठाणे अंमलदारही तसंच लिहून घेतो, आणि कोर्टात त्या सभ्य वाक्याचा काही उपयोग होत नाही. असं लिहा, की "निळा टीशर्ट घातलेला मुलगा मोठ्याने म्हणाला, ए चिंकी, तुमच्या चायनाला जा, तुमच्यासारख्यांना इथे ठेवायचंच नाही, त्यानंतर त्याने माझा उजवा हात धरून पिरगाळला." शब्द जसाच्या तसा, कोण बोललं, कधी बोललं, आणि हात कधी लावला, शिवीच्या आधी की नंतर. हा क्रम फार महत्त्वाचा, कारण गाडीवरून बोलणं कधी संपलं आणि ती कोण आहे यावर कधी आलं हे तिथेच दिसतं. मुलींना मराठी येत नसेल तर इंग्रजीत किंवा हिंदीत देऊ देत, तुम्ही भाषांतर करत बसू नका, त्यांच्या तोंडचं त्यांच्याच भाषेत राहू द्या. सही करायच्या आधी लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, तो नियमच आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ॲट्रॉसिटी लागली तर तपास पीएसआय नाही, एसीपी दर्जाचा अधिकारी करतो.

नाही म्हणाले तर भांडत बसू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यायलाच लागतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ पासून ठरवून दिलंय, पण काउंटरवर उभं राहून निकाल ऐकवून कुणाचा एफआयआर झालेला मी तरी बघितला नाही. फक्त एक सांभाळा, नव्या कायद्यात तीन वर्षं किंवा जास्त पण सातपेक्षा कमी वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांची परवानगी घेऊन १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, तसं सांगितलं तर तारीख लिहून घ्या आणि म्हणा की फ्रॅक्चरच्या सात वर्षांच्या कलमाला आणि ॲट्रॉसिटीला ते लागू नाही. त्याउपर नाहीच झालं तर तीच तक्रार तुमच्या झोनच्या डीसीपींना लेखी पाठवा, स्पीड पोस्टाने, पावती ठेवा, आणि तरी हललं नाही तर शिवाजीनगर कोर्टात मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. हा क्रम कायद्यातच आहे, मधली पायरी गाळली की कोर्ट आधी डीसीपींकडे गेलात का असं विचारतं.

सीसीटीव्हीचं आजच्या आज बघा. सोसायट्यांचे डीव्हीआर जुनं पुसून त्यावरच नवीन लिहितात, कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात, आणि चेअरमन मिटवून टाकाच्या मूडमध्ये असले तर ते आपोआप पुसलं जाईल, कुणालाच काही करायला लागणार नाही. कमिटीला आज लेखी मेल टाका की रविवारचं अमुक ते अमुक वेळेचं पार्किंग आणि गेटचं फुटेज राखून ठेवावं, पोलिसांनाही तक्रारीत तेच मागा. फुटेज मोबाईलवर रेकॉर्ड करून फिरवण्यात अर्थ नाही, कोर्टात नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते पोलिस डीव्हीआर ताब्यात घेऊन करतील. सोसायटीच्या कॅमेऱ्यात बहुतेक आवाज नसतो, म्हणजे हात पिरगाळलेला दिसेल पण शिवी ऐकू येणार नाही. शिवी फक्त तुम्ही ऐकलीय काकू, तुम्ही आणि वॉचमनने. म्हणून मी म्हणतेय की तुम्ही उगाच मध्ये पडत नाही आहात, तुम्ही मध्येच आहात.

साक्षीदार म्हणून पोलिस स्टेशनच्या चकरा मारायला लागतील ही भीती असेल तर तीही काढून टाका, महिलांना आणि साठीच्या पुढच्या पुरुषांना साक्षीदार म्हणून पोलिस स्टेशनला बोलावता येत नाही, जबाब घ्यायला त्यांनीच घरी यायचं असतं. तुम्ही बाई आहात, तेवढंच पुरतं. चहा मात्र करायला लागेल.

व्हॉट्सॲप ग्रुपवरून रागारागाने बाहेर पडू नका, आधी स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि वेळ दिसेल असे. दोन समाजांत वैर पसरवण्याचं कलम १९६ पार्किंगमधल्या शिवीपेक्षा ग्रुपवरच्या "ह्या लोकांना हाकला" छापाच्या मेसेजला जास्त लागू पडतं. अशा भाषणांवर कुणाच्या तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं होतं. पण या कलमात खटला पुढे न्यायला सरकारची मंजुरी लागते आणि तिथे फायली झोपतात, तेव्हा १९६ वर सगळी भिस्त ठेवू नका, तुमची खरी केस फ्रॅक्चर आणि ॲट्रॉसिटीची.

आता भिशीवाल्या मैत्रिणीचा मुलगा. बारावीचा म्हणजे अठराच्या आत असण्याची शक्यता बरीच, तसं असेल तर तो बाल न्याय मंडळासमोर जाईल, येरवड्याला. कल्याणीनगरच्या पोर्शेनंतर ३०० शब्दांचा निबंध अख्ख्या पुण्याला पाठ झालाय, त्यामुळे लोक हसतात, पण तो कायदा मुळात याच वयाच्या पोरांसाठी केलाय. समुपदेशन, समाजसेवा, देखरेख असं काहीतरी होतं, आणि तिथल्या दोषसिद्धीचा डाग पुढे नोकरी-शिक्षणात अपात्रता म्हणून लागत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. तेव्हा पोराचं आयुष्य बरबाद होईल हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल तेव्हा हे लक्षात असू द्या. मैत्रिणीकडे तुम्ही स्वतः जा, तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. सांगा की मी जे ऐकलं ते जबाबात सांगणार आहे, त्यात वाढवणार नाही आणि गाळणारही नाही, तुझा मुलगा नुसता उभा होता असेल तर तेही सांगेन. कदाचित भिशी तुटेल. खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा तुटतेच.

एक मात्र आहे, हे सगळं करायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं नाही, मुलींनी ठरवायचंय. त्यांना खाली बसवून दोन्ही बाजू सांगा, की एफआयआर झाला की तो आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही, ॲट्रॉसिटी आपापसात मिटवता येत नाही, तारखा वर्षानुवर्षं चालतील, एक नर्सिंगच्या नोकरीसाठी उद्या दुबईला गेली तरी साक्षीला बोलावणं येईल. आणि हेही सांगा की त्या एकट्या नसतील. त्यांना नुसती माफी आणि स्कूटीचा खर्च हवा असेल तर तो त्यांचा निर्णय, पण तो त्या दोघींनी एकत्र बसून, घाई न करता घ्यावा, चेअरमनच्या केबिनमध्ये सहा पुरुषांसमोर उभं राहून नाही. निर्णय होईपर्यंत फुटेज आणि मेडिकल मात्र अडवून ठेवू नका, ते दोन्ही वाट बघत नाहीत.

वकिलाची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टातच आहे, महिलांना आणि एससी-एसटींना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणजे मणिपूरच्या मुलीलाही मिळेल. त्यांची हेल्पलाइन १५१००, ॲट्रॉसिटीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६, आणि पुन्हा पार्किंगमध्ये कोणी अडवलं तर सरळ ११२. ॲट्रॉसिटीत पीडितेला सरकारी अर्थसाहाय्यही मिळतं, टप्प्याटप्प्याने, ते समाजकल्याणकडून येतं, वकिलाला त्याचा अर्ज करायची आठवण करा कारण बरेच जण विसरतात. आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांना ऑनलाइन दिलेली आहे ना, लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर आहे ना, हे एकदा तपासून घ्या, कारण तुम्ही तक्रार केलीत की कमिटी सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवणार.